कूलरजवळची खाट

माझं अक्षर चांगलं आहे. शाळेपासून सगळे कौतुक करत आले आणि मीही ते अंगाला लावून घेतलं. पुढे नर्स झाले तेव्हा वॉर्डात सगळ्यांत नीट फाइल माझी असायची. तपासणीला साहेब लोक आले की मोठे डॉक्टर माझीच फाइल पुढे सरकवायचे. मी शेजारी हात बांधून उभी, चेहऱ्यावर काही नाही, आतून मात्र नुसती फुगलेली.

तो दवाखाना जळगावहून धुळ्याकडे जाताना रस्त्यापासून थोडा आत होता. खाजगी, मनोरुग्णांचा, चाळीस खाटांचा. आता तिथे मंगल कार्यालय झालंय आणि लग्नसराईत बाहेर गाड्या मावत नाहीत. मी अमळनेरहून एसटीनं यायचे. बायकांचा वॉर्ड माझ्या ताब्यात होता, अगदी ताब्यातच म्हणते, कारण मी तो तसाच चालवायचे.

मी गेले तेव्हा तिथे सगळा तोंडी कारभार होता. "ती रडकी", "ती पारोळ्याची", "ती भांडखोर". गोळ्यांची अदलाबदल व्हायची. मी भिंतीवर खाटांचे नंबर रंगवून घेतले. फाइलला नंबर, गोळ्यांच्या खणाला नंबर, घरच्या कपड्यांच्या गाठोड्याला नंबर, ताटालाही नंबर. आयांना बजावलं की बाईला नंबरानंच ओळखायचं आणि मला काहीही तोंडी सांगायचं नाही. लिहिलेलं असेल तेच खरं. वॉर्डात सर्वांत जुनी एक आया होती, पन्नाशी ओलांडलेली, तिला वाचता येत नव्हतं. ती काही सांगायला आली की मी म्हणायचे, "आक्का, फाइलमध्ये आहे का?" ती गप्प व्हायची. मला ते शिस्तीचं वाटायचं.

हाताला नावाची पट्टीही असायची, पण उन्हाळ्यात घामानं मनगटावर पुरळ उठायचं, म्हणून चैत्र लागला की आम्ही पट्ट्या कापून टाकायचो. उवांमुळे केस बारीक केलेले, सगळ्यांचे गाऊन एकाच हिरव्या कापडाचे, औषधांनी चेहरे थोडे सुजलेले. लांबून पाहिलं तर एकच बाई बारा खाटांवर बसलीय असं वाटायचं. मी ते हसत हसत घरी सांगायचे.

त्या वर्षी आठ नंबरला रावेरकडच्या केळीच्या गावातली एक विधवा होती. चाळिशीची, किरकोळ बांध्याची. नवरा गेल्यावर तिला भर दुपारी शेतातली मोटार सुरू झाल्याचा आवाज यायचा. केळीला पाणी सुटलं म्हणून ती ताटावरून उठून जायची. पुढे जेवणच सुटलं. आमच्याकडे आली ती उचलून आणलेली, पण पाच आठवड्यांत सुधारली. भाजीत मीठ कमी आहे म्हणून कुरकुर करू लागली तेव्हाच मी ओळखलं की ही आता घरी जायला झाली. मोठ्या डॉक्टरांनी फाइलवर लिहिलं, आखाजीच्या आदल्या दिवशी सोडावे.

आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. आमच्या खानदेशात लेक एक वेळ दिवाळीला आली नाही तर चालेल, आखाजीला माहेरी यायलाच हवी. हिच्या एकुलत्या एका लेकीचं लग्न मागच्याच साली झालं होतं, आणि ही तिची पहिली आखाजी. गोळी द्यायला गेले की ती माझा हात धरायची. "सिस्टर, आखाजीले पोर येनार हाये माही. तव्हा मी घरी असली पाहिजे. घराले कुलूप पाहीन तर काय वाटीन तिले?" दिवसातून चारदा तेच. चौथ्या वेळी मी म्हणायचे, "अहो जाल की! तुम्हाला ठेवून घेऊन मला काय लोणचं घालायचंय?" ती हसायची.

अकरा नंबरची बाई शिरपूरकडची. वयानं, अंगानं तशीच. तिला नवऱ्यानं चार महिन्यांपूर्वी आणून सोडलं होतं. मूलबाळ नाही. तिचं दुखणं वेगळंच होतं. कोणी नाव घेऊन हाक मारली की ती शांतपणे सांगायची, "मी ती नही शे. ती ते घरज राही गयी." ती मी नव्हे, ती घरीच राहून गेली. आरशासमोर नेलं तर मागे वळून पाहायची, कोण आलंय म्हणून. फाइलच्या पहिल्याच पानावर माझ्या सुरेख अक्षरात होतं: रुग्ण स्वतःची ओळख नाकारते, आपण दुसरी कोणी आहोत असे सांगते.

या दोघींची गट्टी जमली होती. आठ नंबरची बोलायची, अकरा नंबरची ऐकायची. लेकीचं नाव, लेकीच्या सासरचं गाव, अंगणातल्या लिंबाला झोका कुठल्या फांदीला बांधतात, सांजोऱ्यांचं सारण कसं करायचं, सगळं ती ऐकून घ्यायची. कधी कधी ऐकताना तिचे ओठ हलायचे. मला ते दिसत होतं, पण लिहावं असं काही वाटलं नाही.

आमच्या उन्हाळ्याचं मी काय सांगू. दुपारी बारानंतर रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही आणि उजेड इतका पांढरा होतो की भिंती जवळ आल्यासारख्या वाटतात. आठ नंबरची खाट पश्चिमेच्या खिडकीखाली होती, भिंतीला हात लावला तर चटका बसायचा. अकरा नंबरची खाट कूलरच्या तोंडाशी. ज्या दिवशी माझी आठ दिवसांची रजा सुरू व्हायची होती, त्या दिवशी दुपारी मी पर्स खांद्याला लावून दारात उभी होते. धुळ्याला आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं आणि दीडची बस गाठायची होती. आठ नंबरची उन्हानं कळवळत होती. अकरा नंबरची उठून तिला म्हणाली, "माले थंडी वाजस आठे. तू ये, मी तठे जास." बेचाळीस-पंचेचाळीसचं ऊन, आणि हिला थंडी वाजते! मैत्रिणीसाठी खोटं बोलत होती बिचारी. दोघींनी आपापल्या उशा उचलल्या आणि खाटा बदलल्या. मला पाहून आठ नंबरची थबकली. मी म्हटलं, "झोपा, झोपा. लिहिते मी."

लिहिलं नाही. बस चुकेल म्हणून निघून गेले.

आठ दिवस आईच्या डोळ्यांत थेंब घालत राहिले. तिकडे वॉर्डात काय होतं ते मला नंतर तुकड्या-तुकड्यांनी कळलं. माझ्या जागी बदलीवर दोन नव्या मुली आल्या होत्या. मोठे डॉक्टर बाहेरगावी होते आणि जळगावहून एक तरुण डॉक्टर दिवसाआड यायचे. या तिघांनी कोणालाही आधी पाहिलेलं नव्हतं. त्यांच्याजवळ नंबर होते आणि माझ्या फाइली होत्या. इतक्या चांगल्या फाइली असताना कोणाला काही विचारायची गरजच नव्हती.

मी परतले ती आखाजीच्या आदल्या दिवशी सकाळी. वॉर्डाच्या दारातून पाहिलं तर आठ नंबरच्या खाटेवर ती पाठमोरी बसलेली. गाऊन काढून स्वतःचं लुगडं नेसली होती, भरती होताना अंगावर होतं तेच, पदरावर केळीच्या चिकाचे काळे डाग असलेलं. पायाशी पिशवी बांधलेली. मला खरंच आनंद झाला. मी म्हटलं, "काय मावशी, निघाल्या ना लेकीला रस खाऊ घालायला?"

ती वळली. चेहरा अकरा नंबरचा होता.

"हो सिस्टर," ती म्हणाली. "आखाजीले पोर येनार हाये माही." शब्द तेच, बोली तीच, शेवटी आवाज जरा वर न्यायची लकबही तीच. आणि ती इतकी बरी दिसत होती! डोळे स्वच्छ, पाठ ताठ. चार महिन्यांत मी तिला असं पाहिलं नव्हतं. मी तिला नाव विचारलं. तिनं आठ नंबरचं नाव सांगितलं. गाव, लेकीचं नाव, जावयाचं गाव, सगळं बिनचूक. क्षणभर मलाच वाटलं की मीच चुकतेय, आठ दिवसांत चेहरे विसरले. मी चक्क भिंतीवरचा नंबर पाहिला. आठच होता.

मग मी कूलरकडे वळले. आखाजी जवळ आली की कूलरच्या गवताला उग्र वास येतो, तो येत होता. खाटेवर माझी रावेरची बाई उताणी पडली होती. ओठांच्या कडेला लाळ सुकलेली, मनगटांवर कापडी पट्ट्यांचे वळ. डोळे उघडे होते आणि ती छताकडे पाहत होती.

मी तिच्या कानाशी वाकले आणि विचारलं, "मावशी, नाव काय तुमचं?"

तिनं माझ्याकडे न पाहता अकरा नंबरचं नाव सांगितलं. गाव? शिरपूरजवळचं. मुलंबाळं? "नही." पाढा म्हणावा तसं एका दमात.

मी फाइल उघडली. पहिल्या दिवशी लिहिलेलं: 'रुग्ण स्वतःला आठ नंबर समजते. आखाजीला मुलगी येणार असे सांगते. नोंदीप्रमाणे मूल नाही. भ्रम वाढला.' गोळी वाढवलेली. दुसऱ्या दिवशी: 'रुग्ण आठ नंबरच्या खाटेकडे धावते, ती खाट माझी म्हणते, आरडाओरडा. इंजेक्शन दिले, बांधावे लागले.' तिसऱ्या दिवशीही तेच, चौथ्या दिवशीही. पाचव्या दिवशी: 'रुग्ण बोलत नाही.' सहाव्या दिवशी: 'विचारल्यावर स्वतःचे नाव व गाव बरोबर सांगितले. सुधारणा.'

सुधारणा हा शब्द मी त्यानंतर कधी फाइलवर लिहू शकले नाही.

आया दाराशी उभी होती. मी तिच्यावर ओरडलेच, "आक्का, तुम्ही तर ओळखता ना दोघींना! आठ दिवस काय करत होता?" तिच्या डोळ्यांत पाणी आलं, पण आवाज शांत होता. "सांगं मी, ताई. त्या नव्या पोरीले दोनदा सांगं. ती म्हने, फाइलमा नही शे. मंग मी गप बसनू. तुम्हीच ते सांगेल शे." तुम्हीच तर सांगितलेलं आहे. खाटांवरच्या बाकीच्या बायका आमच्याकडे पाहत होत्या. त्यांनाही माहीत होतं, सगळ्यांना. एकीनं तर बदलीच्या डॉक्टरांना सांगितलंही होतं म्हणे. ते तिच्या फाइलमध्ये तिचा भ्रम म्हणून लिहिलेलं मला नंतर सापडलं.

आणखी एक गोष्ट आयानं सांगितली. मधल्या काळात आठ नंबरला लेकीचा फोन आला होता. वॉर्डात बटणांचा एक साधा मोबाइल होता, त्यावर नातेवाइकांशी बोलू द्यायचो. बदलीच्या मुलीनं फोन आठ नंबरच्या खाटेवर नेऊन दिला. ती बाई लेकीशी चांगली दहा मिनिटं बोलली. ये माय, म्हणाली, मी वाट पाहते. लेकीला आवाज वेगळा कसा वाटला नाही? वाटला असणार. पण भरती करताना मीच नातेवाइकांना सांगते, औषधांनी आवाज जड होतो, बोलणं थोडं बदललेलं वाटेल, घाबरू नका.

मी टेबलाशी बसले. आठ दिवसांपूर्वीच्या पानावर खाली एक ओळ कोरी राहिली होती. माझीच सवय, शेवटची ओळ मोकळी सोडायची. 'आठ व अकरा यांनी खाटा बदलल्या आहेत, नोंद घ्यावी.' एवढं त्या ओळीत सहज मावलं असतं आणि सगळं त्या दोन पोरींवर गेलं असतं. मी पेनाचं टोपण काढलं होतं, हे कबूल करते. पेन टेकवणार तोच दारात बांगड्या वाजल्या.

लेक आली होती. आईला न्यायला चुलत्याबरोबर स्वतःच आली होती, आखाजीच्या आदल्याच दिवशी, नवी कोरी साडी नेसून. तिला पाहताच आठ नंबरच्या खाटेवरची बाई उठली आणि तिनं दोन्ही हात पसरले. "आली व माय!" तिच्या चेहऱ्यावर इतका आनंद होता की मी आजही त्याला खोटा म्हणू शकत नाही.

पोर दोन पावलं पुढे गेली, कारण लुगडं आईचं होतं. मग थांबली आणि मागे सरकत सरकत भिंतीला टेकली. "ही कोन हाये?" ती मला म्हणाली. "माही माय कुठी हाये?"

मी कूलरकडे बोट दाखवलं.

ती धावली. आईला उठवून बसवलं, गालांवरून हात फिरवला, माय, मी आली, माय, असं म्हणत राहिली. आईनं तिच्याकडे पाहिलं. ओळख डोळ्यांत येऊन गेली, मी पाहिली, शपथेवर सांगते. मग तिची नजर लेकीच्या खांद्यावरून माझ्यावर आली, माझ्या पांढऱ्या कपड्यांवर, हातातल्या पेनावर. आणि ती हळूच, मला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाली, "माले पोर नही शे."

लेकीनं आईला नुसतं छातीशी धरलं. आई ताठ बसून राहिली. चूक उत्तर दिलं तर काय होतं हे तिला माहीत झालं होतं.

त्यानंतरचं मी थोडक्यात सांगते, कारण त्यात सांगण्यासारखं माझं काही नाही. मी मोठ्या डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, फाइलवर चढवू नका, मी आल्यावर पाहू. मी मागची नाही, त्याच दिवसाची तारीख घालून सगळं लिहिलं, माझ्या नावासकट. त्यात शौर्य नव्हतं. लेकीनं मला पेन हातात घेतलेलं पाहिलं होतं, एवढंच. आई त्याच दुपारी जुन्या औषधांवर घरी गेली. पोरीनं तिला धरून जीपमध्ये चढवलं तेव्हाही ती मागे वळून विचारत होती, "जाऊ का, सिस्टर?"

लुगडं परत घेणं मात्र मला जड गेलं. शिरपूरच्या बाईनं ते स्वतःच सोडलं, घडी घातली, माझ्या हातात दिलं. हिरवा गाऊन चढवला आणि कूलरजवळच्या खाटेवर जाऊन बसली. मी तिच्या नावानं हाक मारली. पहिल्यांदाच नावानं, नंबरानं नाही. तिनं छताकडे पाहत सांगितलं, "मी ती नही शे." आठ दिवस ती बाई बरी होती. कमी गोळ्या, रोज कोणीतरी मायेनं विचारणारं, येणारी एक लेक. ते तिचं नव्हतं, पण तिला लागू पडलं होतं, आणि ते मी काढून घेतलं. दवाखाना बंद होईपर्यंत तिला एकही फोन आला नाही.

मी आता अमळनेरलाच एका छोट्या दवाखान्यात असते. पेशंटला नावानं हाक मारते, आक्कांसारख्या बाया काही सांगायला आल्या की पेन खाली ठेवते. लोकांना वाटतं, स्वभावच प्रेमळ आहे. वाटू दे.

गेल्या आखाजीला धीर करून मी रावेरकडे फोन लावला. लेकीनं उचलला. चिडेल असं वाटलं होतं, पण ती बरं बोलली. आई छान आहे म्हणाली, जेवते, केळीत जाते, सगळ्यांना ओळखते, सकाळपासून सांजोऱ्या तळतेय. मागे पोरीबाळींचा गलका होता आणि झोक्याची कडी करकरत होती. मला इतकं हलकं वाटलं की मी म्हटलं, "देतेस का जरा मावशींना?"

फोन हातांतून हातांत गेला. लेकीच्या बांगड्या वाजल्या, कोणाला तरी हसत हसत ओरडणारा तिचाच आवाज ऐकू आला, तिच्या स्वतःच्या बोलीत.

मी म्हटलं, "मावशी, मी बोलतेय. वॉर्डातली सिस्टर."

हसणं तिथेच थांबलं. मागे झोका करकरतच होता. मग एका दमात, पाढा म्हणावा तसं, ती शिरपूरकडच्या बोलीत बोलली.

"अकरा नंबर. बरी शे मी. जेवण व्हयनं. झोप लागनी. माले पोर नही शे."

मी फोन ठेवू शकले नाही. तिनंही ठेवला नाही. ती माझ्या पुढच्या प्रश्नाची वाट पाहत होती.